डिप्रेशनची गोळी पुरती लागू पडेना, रात्री घोरणं आणि मधेच श्वास बंद: आधी काय बघायचं?

खानापूर_जीपी
पेशंट पुरुष, वय ५२. उंची १६६ सेमी, वजन ९४ किलो, म्हणजे बीएमआय ३४. गळ्याचा घेर ४३ सेमी. बीपीच्या दोन गोळ्या चालू. तक्रार अशी : कशात मन लागत नाही, दिवसभर अंग जड, दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी, सकाळी उठल्यावर डोकं जड. डिप्रेशनची गोळी एसिटालोप्रॅम १० वरून २० मिग्रॅ केली, सगळं मिळून १४ आठवडे झाले. झोप लागावी म्हणून रात्री क्लोनाझेपाम ०.५. पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची यादी) चा आकडा १७ वरून १४ वर आला आणि तिथंच अडकलाय. बायको म्हणते, "घोरणं बाहेरच्या सोप्यात ऐकू येतंय, मधेच गप्प होतात, मग दचकून श्वास ओढतात."

हे औषधाला दाद न देणारं डिप्रेशन, की मुळात स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं? घरची टेस्ट पुरे का? आणि पेशंटचं गाव जांबोटी-कणकुंबीकडे. पावसाळ्यात तिकडं लाईट गेली की रात्रभर पत्ता नसतो. सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) सांगून उपयोग आहे का, तेवढं सांगा.

मनोविकार_बेळगाव
डॉक्टर, आधी पीएचक्यू-९ ची बेरीज बाजूला ठेवा आणि एकेक प्रश्नाचे गुण बघा. झोप (३), थकवा (४), भूक (५), एकाग्रता (७) आणि मंदावणं किंवा अस्वस्थता (८) हे पाच प्रश्न ॲप्नियातही वर जातात. मनाचं खरं माप १, २, ६ आणि ९ मध्ये : रस न वाटणं, उदासी, स्वतःला नालायक समजणं, मरणाचे विचार. दोन्ही वेळचे गुण इथं टाकाल का?

आणि ते क्लोनाझेपाम. या बेंझोडायझेपिन गटाच्या गोळ्यांनी घशाचे स्नायू सैल पडू शकतात, आणि श्वास अडल्यावर जाग येण्याची क्रियाही सुस्तावते. ॲप्नियाचा संशय असताना ही गोळी नकोच. एकदम मात्र तोडू नका, झोप उडेल, घबराट होईल, आणि पेशंट आपल्याच मनानं दुप्पट घेईल. दर दोन आठवड्यांना ०.१२५ नं खाली आणा : ०.३७५, ०.२५, ०.१२५, मग बंद. संध्याकाळची दारू असेल तर तीही याच कारणासाठी थांबवायची. हे पेशंट स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) केलंय का? थायरॉईड कमी असेल तर वजन, सुस्ती, उदासी आणि ॲप्निया चारही एकाच दारानं आत येतात.

खानापूर_जीपी
टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२ नॉर्मल. गुण असे.
सुरुवातीला : प्रश्न १ ला ३, २ ला ३, ६ ला २, ९ ला ०. झोप ३, थकवा ३, भूक १, एकाग्रता २, आठव्याला ०.
आता : १ ला २, २ ला २, ६ ला १, ९ ला ०. बाकीचे पाच जसेच्या तसे.

मनोविकार_बेळगाव
म्हणजे मनाचे चार प्रश्न ८ वरून ५ वर आले आणि शरीराचे पाच ९ वर खिळून आहेत. गोळी थोडी तरी काम करतेय, पण तिचा हात जिथं पोचत नाही तिथलं ओझं उरलंय. अशा वेळी मिर्टाझापिन, क्वेटियापिन किंवा ओलांझापिन जोडायचा मोह होतो, कारण झोप लागते. तिन्हींनी वजन वाढतं, आणि मग ॲप्निया आणखी वाढतो. ब्यूप्रोपिऑन या डिप्रेशनच्या दुसऱ्या गोळीनं वजन वाढत नाही, पण बीपी वाढू शकतं, म्हणून या माणसाला देताना बीपीवर लक्ष हवं. टेस्ट होईपर्यंत एसिटालोप्रॅम आहे तसंच ठेवा, नवं काही जोडू नका.

नववा प्रश्न दर भेटीला विचारा. तिथं शून्याच्या वर काही आलं, तर ॲप्नियाच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मनोविकार डॉक्टरांकडे, नाहीतर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६.

झोपतपासणी_टेक
तुमच्या वर्णनावरून स्टॉप-बँग (ॲप्नियाची शक्यता सांगणारी आठ मुद्द्यांची यादी) मोजलं : घोरणं, दिवसाची सुस्ती, कुणीतरी पाहिलेला श्वास थांबणं, बीपी, पन्नाशीच्या वर वय, ४० सेमीच्या वर गळा, पुरुष. आठात सात. बीएमआय ३५ च्या वर नाही म्हणून एक सुटला. पाच आणि वर म्हणजे शक्यता दाट. बायकोला पहाटे चार-पाचच्या सुमाराला मोबाईलवर तीन मिनिटं व्हिडिओ काढायला सांगा, छाती आणि पोट दिसेल असा. घोरणं थांबलं की मनात आकडे मोजायचे. दहा सेकंदांच्या वर हवा बंद आणि पोट-छाती मात्र धडपडतेय, हे दिसलं की घरच्यांना वेगळं समजावावं लागत नाही. नाहीतर "घोरतो म्हणजे गाढ झोपतो" हेच डोक्यात असतं.

घरची टेस्ट या पेशंटला चालेल. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. बोटाला नेलपॉलिश नको, नेहमीच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या. हार्ट फेल्युअर, जुना फुप्फुसाचा आजार, पॅरालिसिस होऊन गेलेला किंवा ट्रामाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी रोज चालू असेल, तर मात्र थेट झोपेच्या लॅबमध्ये टेस्ट.

एक गोम आहे. घरच्या मशीनला माणूस झोपलाय की छताकडे बघत पडलाय ते कळत नाही. समजा रेकॉर्डिंग ७ तास, श्वासाचे अडथळे ८४. रिपोर्ट म्हणतो तासाला १२, सौम्य. पण माणूस खरा झोपला ४ तास, तर तेच तासाला २१ होतात, म्हणजे मध्यम. (५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यावर तीव्र.) डिप्रेशनमध्ये पहाटे जाग येऊन पडून राहणं हे नेहमीचंच, म्हणून हा घोळ याच पेशंटांत जास्त होतो. रिपोर्ट सौम्य किंवा नॉर्मल आला आणि लक्षणं मात्र अशी, तर लॅबची पूर्ण रात्रीची टेस्ट करून घ्या.

निपाणीकर
मग सोपं आहे की. मशीन लावा, महिन्याभरात डिप्रेशनची गोळी बंद करा.

मनोविकार_बेळगाव
नाही, निपाणीकर. ॲप्निया आणि डिप्रेशन शेजारी शेजारी राहतात. झोपेचे तुकडे आणि रात्रभर खालीवर होणारा ऑक्सिजन मूड बिघडवतो हे खरं, पण म्हणून प्रत्येकाचं डिप्रेशन ॲप्नियातून आलेलं नसतं. २०१६ च्या सेव्ह या मोठ्या चाचणीत २६८७ जण होते, सगळे हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पेशंट. सीपॅपनं हार्ट ॲटॅक, स्ट्रोक कमी झाले नाहीत. घोरणं, दिवसाची सुस्ती आणि मूड मात्र सुधारला. तेही सरासरी वापर रात्रीला जेमतेम ३.३ तास असताना. मशीन नीट वापरात आल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा पीएचक्यू-९ भरून घ्या, तेही प्रश्नवार. गोळी कमी करायची गोष्ट बरं वाटून काही महिने टिकल्यावर, आणि हळूहळू.

झोपतपासणी_टेक
वापरावरून सांगतो. "चार तास लावलं" यावर समाधान मानू नका. माणूस अकराला मास्क लावतो, तीनला काढून उशाशी ठेवतो. रेम झोप (स्वप्नांची झोप) जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात येते, त्या वेळी घशाचे स्नायू सगळ्यात ढिले असतात, आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद. रिपोर्टमध्ये तास बघताना कुठल्या वेळचे ते बघा.

तीनला मास्क का निघतो? बहुतेकदा गळती, कोरडं नाक किंवा घुसमट. भरघोस मिशीवर नाक-तोंड झाकणारा मास्क बसत नाही, नाकपुडीत बसणारा पिलो मास्क द्या. मास्क करकचून आवळायचा नाही : झोपून, मशीन चालू असताना, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत. ऑटो मशीन (दाब आपोआप कमी-जास्त करणारं) कंपनीतून ४ ते २० दाबावर येतं. ४ वर जाड माणसाला हवा पुरत नाही असं वाटतं. खालचा दाब ६ करायचं डॉक्टरांना विचारा. जीव घाबरत असेल तर पहिले तीन-चार दिवस मशीन दिवसा, टीव्ही बघत १५-२० मिनिटं, मग दुपारच्या झोपेला, मग रात्री. डिप्रेशनच्या पेशंटला ही पायरी टाळून चालत नाही, तो पहिल्याच रात्री "मला काहीच जमत नाही" म्हणून सोडून देतो.

आता लाईट. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअरअवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅटअवर. निम्मीच वापरायची धरा, इन्व्हर्टरची घट काढा, हातात साधारण ७५० उरतात. ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा पाण्याचा डबा) बंद ठेवून मशीन ३०-४० वॅट खातं, ८ तासांना २४० ते ३२०. ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू केली की ८०-९० वॅट, म्हणजे ६४० ते ७२०. त्यात जुना ७० वॅटचा पंखा रात्रभर म्हणजे आणखी ५६०, पहाटेपूर्वीच बॅटरी बसणार. तेव्हा हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाईट गेली की गरम करणारं सगळं बंद, मशीन तेवढं चालू. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच. लाईट येताना झटका येतो, म्हणून मधे स्पाइक गार्ड घाला.

घरचे विचारतील, मशीन बंद पडलं तर माणूस गुदमरेल का? नाकाचा मास्क असला तर तोंड मोकळं असतं. नाक-तोंडाच्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व्ह असतो, तो मळानं चिकटलाय का ते आठवड्याला बघायचं.

पावसाळ्यात खोली गार, नळीतली हवा गरम : नळीत पाणी साचतं आणि गुळगुळ आवाज येऊन जाग येते. नळी पांघरुणाखालून घ्या, मशीन गादीच्या पातळीखाली ठेवा. ह्युमिडिफायरच्या डब्यात डिस्टिल्ड पाणीच. बोअरचं घातलं तर थोड्याच दिवसांत तळाला चुन्याचा पांढरा थर. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून डबा उघडा वाळवा, नाहीतर खानापूरच्या जुलैत बुरशी धरतेच.

सेकंडहँड मशीन कुणी देत असेल तर मॉडेल आणि सिरियल नंबर तपासा. आवाज दाबायच्या फोममुळे २०२१ मध्ये फिलिप्सनं बरीच मशीनं परत बोलावली होती.

खानापूर_जीपी
क्लोनाझेपाम उद्यापासून ०.३७५. व्हिडिओ बायकोकडून मागवला. टेस्ट बेळगावात करून घेतो, तास आणि अडथळे दोन्ही इथं टाकतो.