नवीन गाणं प्लेलिस्टवाल्यांपर्यंत कसं पोचवायचं? (बजेट ३,००० रुपये)

सूरपेटी: जात्यावरच्या ओव्यांच्या ढंगाने बांधलेलं माझं गाणं २६ जूनला, शुक्रवारी येतंय. शब्द माझे, साथीला दिलरुबा आणि खऱ्या जात्याची घरघर. मास्टर (गाण्याचं अंतिम रेकॉर्डिंग) तयार आहे, डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, फाइलही चढवली. प्लेलिस्ट चालवणाऱ्यांना रिलीजच्या आधी गाठायचंय. बजेट ३,०००, त्यावर जमणार नाही. कुणी केलंय का?

गिटारवाला_नाशिक: व्हिडिओशिवाय काही खरं नाही. आम्ही ड्रोन लावून शूट केलं, घाटातले ढग असे आलेत की बघत राहावं. निदान चाळीस हजार काढाच.

मिरजकर: अहो, त्यांनी ३,००० लिहिलंय. सूरपेटी, आधी फुकटातलं काम उरका. स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्सवर (कलाकारांसाठीचं त्यांचं पान) प्रोफाइल ताब्यात घ्या आणि तिथूनच त्यांच्या प्लेलिस्ट-संपादकांना गाणं पिच करा, म्हणजे वर्णनासकट विचारार्थ पाठवा. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी केलंत तर तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (नव्या गाण्यांची आपोआप बनणारी प्लेलिस्ट) तरी येतं. गाणं बाहेर आलं की पिच करता येत नाही. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात, ती 'हृदयस्पर्शी गीत' असल्या शब्दांत घालवू नका. पहिल्याच ओळीत जातं आणि दिलरुबा येऊ द्या.

लयवेडा: +१. ७ दिवस आधी पिच करा. मी तर तीन-चार आठवडे आधीच करून मोकळा होतो.

पेटीमास्तर: जातं हे वाद्य नव्हे. पिचमध्ये तसं लिहू नका, हसं होईल.

गिटारवाला_नाशिक: बायका त्याच्याच लयीवर गातात ना? मग झालं की वाद्य.

पेटीमास्तर: लय धरणं वेगळं, वाद्य वेगळं. आणि ज्ञानेश्वरीतली ग्रंथओवी वेगळी, जात्यावरची वेगळी. हल्ली सगळ्यालाच ओवी म्हणतात.

डोंबिवली_बीट्स: ओवीवर वेगळा धागा काढा ना! मुद्द्याचं सांगतो. एका एजन्सीने मला हमखास स्ट्रीम्सचा वायदा करून पैसे घेतले. स्ट्रीम्स आले, पण जवळपास सगळे एकाच परदेशी शहरातून, आणि मग गाणंच उडालं. आकड्याची हमी देणाऱ्याला दारात उभं करू नका. २०२४ पासून स्पॉटिफाय बनावट स्ट्रीम्सबद्दल लेबल-डिस्ट्रिब्युटरकडून दंड घेतं, तो शेवटी आपल्याच माथी येऊ शकतो.

लंडनची_माई: मी ग्रूव्हर वापरते. ती आणि सबमिटहब या क्युरेटरांना, म्हणजे प्लेलिस्ट चालवणाऱ्यांना, पैसे भरून (क्रेडिट घेऊन) गाणं पाठवायच्या साइट्स. ग्रूव्हरवर क्युरेटरने ७ दिवसांत उत्तर दिलं नाही तर क्रेडिट परत मिळतं. सबमिटहबवर प्रीमियम क्रेडिट घेतलं तर क्युरेटरला निदान २० सेकंद ऐकावंच लागतं. पैसे ऐकण्याचे असतात, प्लेलिस्टमधल्या जागेचे नाहीत. रिलीजआधी साउंडक्लाउडची प्रायव्हेट लिंक द्यायची. फक्त सुरुवातीला घरघर लांबली असेल तर कापा बाई, आवाज लगेच आला पाहिजे.

लयवेडा: हेच म्हणणार होतो. सुरुवात कापा.

सूरपेटी: सगळ्यांचे आभार. मिरजकर, पिच आत्ताच टाकलं, पहिल्या ओळीत जातं आहे. पेटीमास्तर, मी ते वाद्य म्हणूनच लिहिलंय, कारण गाण्यात ताल तेच धरतं. माई, सुरुवात कापणार नाही. घरघर ऐकल्यावरच पहिली ओवी सुचते, गाणं बांधलंय तेच तिथून. क्युरेटरांवरही पैसे घालत नाही. आमच्याकडे ओव्या पाठ असलेल्या सात-आठ आज्या आहेत. ३,००० मध्ये गाडी आणि जेवण बसतं. त्यांना घरी आणून गाणं ऐकवणार, त्या आपली ओवी जोडतील तसं मोबाइलवर रेकॉर्ड करणार. त्यांनी हो म्हटलं तर रिलीजच्या आठवड्यात रोज एक रील.