मदत हवी आहे : पाऊस नसताना वाढणारी वाशिष्ठी नववीच्या मुलांनी मोजायची कशी?

खडू_आणि_बोट

नमस्कार मंडळी. मी चिपळूण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. मूळचा बीडकडचा, इथे येऊन दुसरं वर्ष. आमच्याकडे एप्रिलात बिंदुसरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात खळाळणारी वाशिष्ठी पाहून पहिल्या वर्षी मी पुलावर थांबून नुसता बघत राहायचो.

नववीला जलसुरक्षा विषय आहे. त्यातला प्रकल्प वहीतल्या वहीत उरकायचा नाही असं ठरवून नोव्हेंबरपासून मुलांना दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, पुलावर नेतो. साधनं घरगुती आहेत. गाठी मारलेल्या दोरीला शिशाचं वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो, तेच आमचं पातळीमापन. काठावर वीस मीटरवर दोन खुणा केल्यात, वरून संत्रं सोडायचं आणि मोबाइलवर सेकंद मोजायचे. बादलीने पाणी वर ओढून तापमान बघायचं. गढूळपणासाठी पारदर्शक नळीच्या तळाशी काळी फुली चिकटवली आहे, ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतत जायचं.

मुलं मन लावून करतात. घोळ आलेखात आहे. नोव्हेंबरपासून रेघ उतरत जायला हवी, पण आमची रेघ करवतीच्या दात्यांसारखी आहे. फेब्रुवारीत एका शनिवारी पातळी आधीच्या शनिवारपेक्षा 40 सेंमी जास्त भरली, आणि त्या आठवड्यात थेंबभर पाऊस नव्हता. एकदा हौसेने सकाळी आठ आणि अकरा अशा दोन वेळा मोजलं, तर अकराचं पाणी आठच्या पाण्यापेक्षा गार! मी थर्मामीटर बदलून पाहिला.

हाच आलेख घेऊन एका विज्ञान प्रदर्शनात गेलो. परीक्षकांनी एक नजर टाकून विचारलं, "पावसाशिवाय नदी वाढते होय? आकडे घरी बसून भरलेत का?" पोरांची तोंडं उतरली. एसटीत बसल्यावर मागून एक जण म्हणाला, "सर, त्यांना अवजल माहीत नाय." आणि सगळी हसायला लागली. खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मीही अवजल हा शब्द बातमीत वाचून सोडून दिला होता. कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणी आपल्या नदीत येतं हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला सांगावंसं कुणाला वाटलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

आता खरी अडचण. "अवजल आहे" असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते मुलांच्या आकड्यांतून दाखवता येईल का? पुलाखालून जाणाऱ्या पाण्यात कोयनेचं किती आणि आपल्या डोंगराचं किती, हे शाळेच्या ऐपतीत काढायचा काही मार्ग आहे का? आणि मोजण्याची वेळ कशी ठरवावी?

आणखी एक. आम्ही सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर समोच्च रेषा धरून पाणलोटाची हद्द आखली. पूर्वेला ती सह्याद्रीच्या माथ्यावरून गेली. एका मुलीने पेन्सिल तिथेच धरून विचारलं, "सर, उन्हाळ्यातलं पाणी कोयनेचं असेल तर ही रेघ कोयनेच्या मागे न्यायला नको का?" मी "पुढच्या तासाला बघू" म्हणालो. तो पुढचा तास तीन आठवडे झाले येतोच आहे.

---

निवृत्त_टर्बाइन

सर, नोकरीची बरीच वर्षं त्याच पाण्यावर काढली आहेत, म्हणून लिहितो.

आधी पाण्याची वाट समजून घ्या, म्हणजे आलेख बोलायला लागेल. शिवसागरातलं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातलं, पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीकडे येतं. कोयना वीज प्रकल्पाचा पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा ते वापरतात आणि कोळकेवाडीच्या जलाशयात सोडतात. तिथून तेच पाणी पुन्हा पडतं तिसऱ्या टप्प्याच्या चार संचांवर (संच म्हणजे टर्बाइन आणि जनित्राची जोडी), प्रत्येकी 80 मेगावॅट. मग कालव्याने वाशिष्ठीत. म्हणजे पोफळीत कधी किती संच चालले याचा तुमच्या पुलाशी थेट संबंध लागेलच असं नाही, मध्ये कोळकेवाडीची टाकी आहे. तुमचा संबंध तिसऱ्या टप्प्याशी.

संच कधी चालवायचे हे नदीकडे बघून ठरत नाही, राज्यात विजेची मागणी किती यावर ठरतं. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो, म्हणून मागणी चढली की आधी त्याला हाक. सकाळ-संध्याकाळ मागणी जास्त, सुट्टीच्या दिवशी कमी. तुम्ही एक शनिवार साडेअकराला मोजलं असेल आणि पुढचा शनिवार कार्यक्रमामुळे दहाला, तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आठवड्याला एक आकडा घेण्यापेक्षा एकच दिवस धरा आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दर अर्ध्या तासाने पातळी घ्या. मुलांच्या पाळ्या लावा. त्या एका दिवसाचा आलेख परीक्षकांसमोर ठेवा.

आणि हे डोक्यात पक्कं ठेवा: पाण्यात कुणीही उतरायचं नाही. गुडघाभर पाणी बघता बघता कमरेला येतं. कपडे धुणाऱ्या बायका पाण्याचा आवाज बदलला की पिळे उचलतात, शाळेच्या पोरांना तो कान नसतो. पुलावरून मोजताय ते उत्तम आहे, तसंच चालू द्या.

---

सुरंगी

आणि मगरी विसरलात! आमच्या चिपळुणात मगरी बघायला होडीतून पर्यटक नेतात, सर. डोहाच्या काठाला बादली घेऊन कुणाला पाठवू नका.

तुमचा पूल नक्की कुठला ते लिहिलं नाहीत. शहराच्या खाली, गोवळकोटच्या बाजूला असाल तर अवजलाबरोबर भरती-ओहोटीही तुमच्या दोरीला लटकलेली आहे. दाभोळच्या खाडीची भरती तिथवर येते. पाणी खारट लागलं नाही म्हणून भरती नाही असं समजू नका, खालचं पाणी वरच्या गोड्या पाण्याला नुसतं तुंबवतं आणि पातळी चढते. ओळखायचं कसं? भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, वीज मागणारी माणसं रोज पाऊण तास उशिरा उठत नाहीत. चढाची वेळ दिवसेंदिवस पुढे सरकत असेल तर ती भरती, घड्याळाला धरून असेल तर अवजल. माझे आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचे. खाडीत आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो तो वेगळा धरायचा. मुलांना हे गणित द्या, घरी म्हाताऱ्यांना विचारून येतील. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशीचे आकडे वेगळे ठेवा.

---

खडू_आणि_बोट

सुरंगीताई, पूल शहराच्या बराच वर आहे, भरती तिथे पोचत नाही असं गावकरी सांगतात. पण तुमची घड्याळाची युक्ती मी वर्गात वापरणारच, भरती नाही हेही मुलांनाच सिद्ध करू दे.

काका, अर्ध्या तासाच्या पाळ्यांची कल्पना सांगितली तर मुलांनी आधी डब्यात काय आणायचं ते ठरवलं.

---

ओहोळ

पाणी कुणाचं किती, याचं उत्तर अगदी स्वस्तात मिळू शकतं. घरोघरी पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवणारे जे पेनासारखं टीडीएस मीटर आणतात, ते घ्या. ते खरं तर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि एका ठरावीक आकड्याने गुणून क्षार दाखवतं. तुलनेसाठी तेवढं पुरे.

तत्त्व असं. उन्हाळ्यात तुमच्या डोंगरातल्या पऱ्याला (ओढ्याला) जे पाणी असतं ते महिनोन्‌महिने कातळाच्या भेगांतून झिरपत आलेलं, त्यात क्षार विरघळलेले. धरणात साठलेलं मुख्यतः पावसाळ्यातलं वाहून आलेलं पाणी, त्यात क्षार कमी. दोन्ही मिसळली की मधला आकडा येतो. तीन ठिकाणी मोजा: अवजल मिळतं त्याच्या वरची नदी, स्वतः अवजल आणि मिसळल्यानंतरची नदी, म्हणजे तुमचा पूल. समजा वर 120, अवजल 40 आणि पुलाखाली 56 आलं. तर अवजलाचा वाटा = (120 − 56) ÷ (120 − 40) = 64 ÷ 80, म्हणजे 80 टक्के. नववीच्या मुलांना हे जमतं. आकडे मी सोयीचे घेतलेत, तुमचे तुम्ही काढा.

सावध राहायच्या जागा: तिन्ही नमुने एकाच दिवशी, शक्य तितक्या जवळच्या वेळी घ्या. मध्ये एखादं सांडपाणी मिळत असेल तर त्याने आकडा फुगतो. मीटर प्रत्येक वेळी एकाच बाटलीतल्या पाण्यात बुडवून तपासा, ही मीटरं भरकटतात. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पाणी तपासायची पेटी असते, त्याला वर्गात बोलवा, क्लोराइड आणि कठीणपणा त्यातून करता येईल. दुसऱ्या पद्धतीने तेच उत्तर आलं तर परीक्षकांना बोलायला जागा उरत नाही.

गार पाण्याचं कोडंही इथेच सुटावं. मोठ्या जलाशयात उन्हाळ्यात वरचा थर तापतो, खालचा गार राहतो, आणि वीजगृहाचं पाणी पृष्ठभागावरून उचललेलं नसतं. तुमचा थर्मामीटर बरोबर होता. जुना फेकला नसेल तर बरं.

संत्र्याबद्दल एक बारीक गोष्ट: पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून साधारण 0.85 ने गुणतात. संत्रं निवडलंत ते छान, अर्धंअधिक बुडतं आणि वाऱ्याने ढळत नाही.

---

घाटावरचा_पाहुणा

हे सगळं ठीक आहे, पण मुळात कृष्णेच्या हक्काचं पाणी कोकणात सोडून समुद्राला मिळवायचं हाच अन्याय आहे. दुष्काळी तालुके कोरडे आणि...

---

सुरंगी

त्यासाठी वेगळा धागा काढा हो. इथे नववीची मुलं आहेत.

---

तिसरी_घंटा

मीही शिक्षिका, भूगोल. त्या मुलीच्या प्रश्नासाठी आले.

रेघ हलवू नका. पाणलोट म्हणजे पडलेला पाऊस उतारावरून जिथे जमतो तो प्रदेश, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरची रेघ त्यासाठी बरोबरच आहे. महाबळेश्वरात उगम पावलेली कोयना दक्षिणेला वाहते, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं, हेही बरोबर. माणसाने डोंगराला भोक पाडून काही पाणी इकडे ओतलं. म्हणून माझ्या वर्गात मी दोन रेघा काढते: काळी अखंड रेघ उताराची आणि निळी तुटक रेघ बोगद्याची, ती शिवसागरापर्यंत. निळ्या रेघेवर आकडा लिहायचा. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने पश्चिमेला वळवायला दिलेलं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट).

टीएमसी मुलांना झेपत नाही, भागाकार त्यांच्याकडूनच करून घ्या. 1 टीएमसी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. 67.5 ने गुणा, वर्षाच्या सेकंदांनी भागा. सेकंदाला साधारण 60 घनमीटर येतात, म्हणजे 60 हजार लिटर. ही पूर्ण मर्यादा वापरली तर येणारी वर्षभराची सरासरी आहे. तुमच्या मुलांनी संत्रं सोडून काढलेला प्रवाह याच्या शेजारी ठेवा. अगदी जुळणार नाही, पण जवळपास आला तरी त्या दिवशी वर्गात काय होतं ते मला कळवा.

परीक्षकांचं मनाला लावून घेऊ नका. पण आलेखाच्या खाली मोजल्याची वेळ लिहिली नव्हती, हो ना? ते मात्र आपल्यावर येतं.

---

चतुर_टाचणी

पाण्यातले किडे बघताय का? अवजलाच्या वरच्या पऱ्यात, घोट्याएवढ्या पाण्यातले दगड उलटून बघा (तिथे उतरायला हरकत नसावी, मोठ्यांनी आधी बघून घ्या). मेफ्लायच्या तीन शेपट्यांच्या अळ्या, खड्याची घरं करून राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या मिळाल्या तर पाणी चांगलं. खालच्या नदीत काठ दिवसातून ओला-कोरडा होत राहतो, तिथे काठाच्या दगडांखाली राहणाऱ्यांची पंचाईत होते, पाणी उतरलं की ते उघडे पडतात. वर आणि खाली मिळालेल्या प्रकारांची नुसती संख्या मोजली तरी फरक दिसू शकेल. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा, खाली कुणाचं तरी घर असतं.

---

खडू_आणि_बोट

सगळ्यांचे आभार. थोडा वृत्तांत.

तिसरी_घंटा, हो. वेळ लिहिली नव्हती. वहीत होती, तक्त्यावर नव्हती.

काल रविवारी बारा मुलं आणि चार पालक मिळून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बसलो. पंचवीस नोंदी झाल्या. पाणी सकाळी चढलं, दुपारी उतरलं, पाचनंतर पुन्हा चढायला लागलं. काका, तुम्ही सुट्टीला मागणी कमी म्हणालात, म्हणून मुलांना आता हाच खेळ कामाच्या वारी करायचाय. मुख्याध्यापकांना विचारायचं कुणी यावर चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव निघालं.

टीडीएस मीटर एका पालकांनी दिलं. वरच्या नदीत 118, पुलाखाली 52. अवजलाचा आकडा मात्र नाही, कारण कालव्याच्या काठावर मुलांना न्यायची माझी हिंमत नाही आणि परवानगीही नाही. तिसऱ्या आकड्याशिवाय ओहोळ यांचं गणित अडलं आहे. संच पूर्ण जोरात असताना पुलाखालचा जो सगळ्यात कमी आकडा मिळेल तोच अवजलाचा धरला तर चूक केवढी होईल? की काकांच्या ओळखीने कुणी एक बाटली भरून देईल?

पेन्सिलवाली मुलगी निळी रेघ काढून झाल्यावर विचारत होती की बोगदा नकाशावर का दिसत नाही. आता हा एक तास उधार आहे.

---

निवृत्त_टर्बाइन

बाटली मी आणतो. तारीख आणि वेळ बाटलीवर लिहून. कामाच्या वाराची नोंद ठरली की कळवा, त्याच दिवशी भरतो.