धान खरेदी केंद्राचं नाटक: प्रेक्षकाला मंचावर बोलवायचं का?

धुऱ्यावरचा (धागा सुरू)

नाट्यशिबिरांत जर्मन नाटककार ब्रेख्ट आणि ब्राझीलचा दिग्दर्शक बोआल ही नावं हमखास निघतात आणि शिबिर संपलं की तिथेच राहतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: मार्क्सवादी चिकित्सेतून निघालेल्या या नाट्यविचाराचा सगळ्यात कामाचा भाग म्हणजे बोआलची फोरम पद्धत, म्हणजे प्रेक्षकाने स्वतः मंचावर येऊन खेळ बदलून बघायचा. ती शहरातल्या प्रायोगिक मंचापेक्षा आपल्या धानपट्ट्यात आणि कापूसपट्ट्यात जास्त हवी.

ब्रेख्टचा मुद्दा असा होता, की मंचावरचं दुःख नशिबाचं वाटू नये. ते माणसांनी केलेलं आहे, म्हणून माणसांना बदलता येईल, हे दिसावं. 1935 मध्ये मॉस्कोत त्याने चिनी नट मेई लानफांगचं काम पाहिलं. नट भूमिका करतो आणि त्याच वेळी ती बाहेरून दाखवतोही, हे त्यातून त्याने उचललं. पण ब्रेख्टचा प्रेक्षक खुर्चीतच राहिला. बोआलने तो उठवला. 1973 साली तो पेरूत साक्षरतेच्या मोहिमेत काम करत असताना, प्रेक्षकांतल्या एका बाईला नटांनी केलेला उपाय काही केल्या पटेना. शेवटी तीच मंचावर आली आणि तिला काय म्हणायचं आहे ते करून दाखवलं. फोरमची सुरुवात ती.

करायचं कसं? नाटुकलं 15 ते 20 मिनिटांचं, त्याहून मोठं नको. कास्तकार धान घेऊन केंद्रावर येतो. ग्रेडर, म्हणजे धानाची प्रत तपासणारा, पोत्यात सळी खुपसतो, ओलावा 17 टक्क्यांच्या वर सांगतो. "वाळवून आणा, नाहीतर 40 किलोच्या पोत्यामागे दोन किलो जास्त द्या." बाहेर ट्रॅक्टरचं भाडं चढत असतं. कास्तकार मान हलवतो. खेळ इथे हरूनच संपवायचा.

मग जोकर, म्हणजे खेळ चालवणारा, एवढंच विचारतो: असं होते का? लोक 'होते' म्हणाले तरच पुढे जायचं. तोच खेळ पहिल्यापासून, जरा भरभर. ज्याला वाटेल की इथे वेगळं करता आलं असतं, त्याने 'थांब' म्हणायचं आणि कास्तकाराच्या जागी उभं राहायचं. ग्रेडरची जागा कुणालाच घेऊ द्यायची नाही. ग्रेडर एकाएकी भला माणूस झाला की प्रश्न मंचावर मिटतो आणि केंद्रावर तसाच राहतो.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. ग्रेडर करणारा नट लवकर विरघळतो. त्याला आधीच्या तालमीत अडून बसायची पाच-सहा खरी कारणं पाठ हवीत. जोकर स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. आणि सगळ्यात जास्त नडतं ते असं, की कास्तकार पहिल्या वाक्यापासून रडवेला असतो. ज्याला काही हवंच नाही, त्याच्या जागी उभं राहून प्रेक्षक करणार काय? त्याने आधी मागितलं पाहिजे, भांडलं पाहिजे, मग हरलं पाहिजे.

वडसा लाईन

पद्धत तुम्ही नीट मांडली, पण जागा चुकली. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, नाटक दिवाळीनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, लागतं ते उन्हाळा लागेपर्यंत. धान निघालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, लेकी-जावई गावात आलेले असतात. गावचं मंडळ कंपनीचा प्रयोग ठरवतं, तिकीट लावतं, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. माणूस घोंगडी घेऊन येतो तो रात्रभर नाटक बघायला. त्याला तुम्ही पुन्हा खरेदी केंद्राच्या रांगेत उभं करून राहिले.

दुसरी गोष्ट, झोपलेल्याला जागं करायचं असं तुम्ही धरून चालता. झाडीपट्टीचा प्रेक्षक झोपलेला कधी होता? करुण प्रवेश ऐन रंगात असतो, मध्येच गाणं येतं, पुढे ऑर्गन-तबला उघड्यावर बसलेला, विनोदी पात्र थेट लोकांशी बोलतं, लोक खालून उत्तर देतात. भ्रम मोडायची जेवढी साधनं ब्रेख्टने मोजून मांडली, त्यातली निम्मी इथे रोज रात्री वापरली जातात. त्याने कुणी क्रांतिकारक झालं नाही. म्हणजे गुण साधनात नाही.

फ्रेंच तत्त्वज्ञ जाक रांसिएर यांनी 2008 मध्ये नेमकं हेच म्हटलं: बघणं हीसुद्धा कृती आहे. प्रेक्षक तुलना करतो, निवडतो, आपल्या आयुष्याशी ताडून पाहतो. त्याला निष्क्रिय ठरवून 'मुक्त' करायला निघालेला माणूस गुरुजीच्याच जागी बसतो.

तिसरी घंटा

वडसा लाईन यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत, पण माझा आक्षेप वेगळा आणि जास्त गंभीर आहे.

हेतू एक आणि परिणाम भलताच, हे ब्रेख्टच्याच वाट्याला आलं. 'मदर करेज' 1941 मध्ये झुरिकला झालं. युद्धावर धंदा करणारी बाई युद्धातच मुलं गमावते आणि काही शिकत नाही, हे लोकांनी ओळखावं अशी त्याची अपेक्षा. लोक आईसाठी रडले. 1949 च्या बर्लिनच्या प्रयोगासाठी त्याने तिला जास्त करकरीत केलं, प्रवेश बदलले. लोक तरी रडलेच.

आता तुमचा ग्रेडर घ्या. जर्मन तत्त्वज्ञ अडोर्नो यांनी 1962 च्या निबंधात ब्रेख्टवर जो ठपका ठेवला, तोच इथे लागू होतो. ब्रेख्टने एका नाटकात केलं तसं हिटलरला भाजीबाजाराचा गुंड करून दाखवलं की फॅसिझम कसा उभा राहिला हे कळत नाही, उलट तो किरकोळ वाटू लागतो. तुमच्या खेळात सगळी चूक दोन किलोंवर आणि एका माणसाच्या तोंडावर येऊन बसते. त्याच्यामागे बारदाना, म्हणजे रिकामी पोती, कमी आहे, गोदाम भरलेलं आहे, भरडाईसाठी धानाची उचल झालेली नाही, आणि पोत्यातली तूट पुढे त्याच केंद्राच्या माथी मारली जाणार आहे. यातलं काहीच 'थांब' म्हटल्याने थांबत नाही. गोदामाच्या जागी कोण उभा राहणार?

हे ब्रेख्टलाही ठाऊक होतं. कारखान्याचा नुसता फोटो कारखान्याबद्दल काहीच सांगत नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. फोरम म्हणजे मला तसला फोटो वाटतो. प्रेक्षक आपापली युक्ती करून दाखवतो, टाळ्या पडतात, बदल झाल्याचं समाधान घेऊन घरी जातो. ही माझ्या मते निव्वळ हानी आहे, कारण उद्याच्या मोर्चाची वाफ आज मंडपात निघून गेली.

धुऱ्यावरचा

तिसरी घंटा, गोदामाचा मुद्दा मान्य आणि तो खेळात आणता येतो. ग्रेडरच्या मागे आणखी एक पात्र उभं करा, ज्याचा त्याला फोन येतो. प्रेक्षकाने कास्तकाराच्या जागी येऊन ग्रेडरला नमवलं, की जोकरने खेळ थांबवायचा आणि विचारायचं: आता ही दोन किलोंची तूट कोण भरणार? इथून खेळाची दिशा बदलते. पहिले दोघे-तिघे नेहमी एकेकटे भांडतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की रांगेत मागे उभे असलेले नट नुसते बघत आहेत, आणि तो ग्रेडरकडे पाठ करून रांगेशी बोलायला लागतो. रांगेत किमान चार नट उभे ठेवा, आणि त्यांना एकदम 'हो' म्हणू देऊ नका. एकाला आजच पैसे हवेत, एकाचा ग्रेडर नात्यातला आहे.

वाफ निघून जाते, हे मात्र पटत नाही. वाफ शेवटामुळे निघते. फोरमला शेवटच नाही, तालीम अर्धवट सोडायची असते.

आणि वडसा लाईन, साधन आणि काम यात फरक आहे. मध्येच गाणं येणं वेगळं, आणि त्या गाण्याने आत्ता पाहिलेल्या व्यवहारावर बोट ठेवणं वेगळं. ब्रेख्टचा 'गेस्टस', म्हणजे माणसामाणसांतलं सामाजिक नातं उघड करणारा हावभाव, बघा: एकाच वाक्यात कास्तकार हमालाला 'अरे' म्हणतो आणि ग्रेडरकडे वळताना 'साहेब' म्हणून चप्पल काढतो. चप्पल काढायच्या आधी अर्धा क्षण नटाने थांबलं, की गावातली उतरंड दिसते. भाषण लागत नाही.

खंजिरी

इतकी जर्मनी आणि ब्राझील फिरून आलात, दर्यापूर-अंजनगावकडेही बघा. गाडगेबाबांचं कीर्तन हे आधी प्रश्नांचं होतं. कर्ज काढून लग्न करता का, देवाला बकरं कापता का, पोराला शाळेत घालता का? बाबा विचारायचे, लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर देता देता आपल्याच तोंडून आपली चूक कबूल करायचे. अंगावर चिंध्या, हातात गाडगं आणि झाडू. कीर्तनाआधी गाव झाडलेलं. तुमचा जोकर याहून वेगळं काय करतो?

त्याच्याही आधी, 1855 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. जोशीबुवा कुणबी नवरा-बायकोला लुबाडत असतो आणि विदूषक मध्ये पडून प्रत्येक व्यवहाराची चिरफाड करतो. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेची वाट धरतं. ब्रेख्टचा जन्म 1898 चा. पुढे सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे. चिकित्सा आपल्याकडे होती. आयात केल्यासारखं बोलू नका एवढंच.

तिसरी घंटा

खंजिरी, वारसा खरा, पण गाडगेबाबांच्या प्रश्नाचं उत्तर आधी ठरलेलं होतं. दारू सोडा, कर्ज काढू नका. श्रोता त्या उत्तरापर्यंत आणला जायचा. फोरममध्ये जोकरला उत्तर माहीत नसतं, निदान नसावं. हा फरक पुसू नका. सरकारी योजनांच्या पथनाट्यांत नेमका हाच घोळ होतो. प्रश्न विचारल्यासारखं करायचं आणि शेवटी फलक धरायचा.

पदर खोचून

आतापर्यंत सगळ्यांनी 'प्रेक्षक उठतो' असं लिहिलंय. गावात उठतो कोण? पुरुष, तोही चाळिशीच्या आतला आणि बोलका. बाया मंडपाच्या एका बाजूला बसलेल्या, सासरा समोर, दीर मागे. 'थांब' म्हणून मंचावर चढणं त्यांच्याकडून होत नाही, आणि जोकरने आग्रह केला तर दुसऱ्या दिवशी त्याची किंमत ती बाई घरी मोजते.

बोआलकडे याला दोन वाटा आहेत, त्या वापरा. एक, फोरमच्या आधीची पायरी: बाईने बसल्या जागेवरून सांगायचं, नटाने करून दाखवायचं, आणि चुकलं की तिने 'तसं नाही' म्हणून दुरुस्त करायचं. दुसरी, शब्दाविना पुतळे. 10-12 जणींचा गट, जागा बंद, पुरुष नकोत. एकीने बाकीच्यांचे हातपाय वळवून घरातला पैशाचा व्यवहार उभा करायचा. हे आजचं चित्र. मग हवं असलेलं चित्र. आणि तिसरं, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये काय काय होईल ते. पहिली दोन पटकन जमतात, सगळा वेळ तिसऱ्याला लागतो.

धान विकायच्या खेळात हे फार कामाचं आहे. रोवणी बाईने केली, निंदण तिने केलं, पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणून चुकारा, म्हणजे धानाचे पैसे, त्याच्या खात्यात. तुमच्या नाटुकल्यात ती पात्र म्हणूनसुद्धा नाही. ट्रॅक्टरजवळ तिला उभी करा आणि एक शब्द देऊ नका. मग बघा 'थांब' कोणत्या बाजूने येतं ते.

वडसा लाईन

हा मुद्दा माझ्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा वजनदार आहे. त्याला जोडून एक सांगतो. ईशान्य ब्राझीलमध्ये बोआलच्या नाटक मंडळीने जमीन आणि रक्त यांवर आवेशाचा खेळ केला. एक शेतकरी पुढे आला, म्हणाला, चला, तुमच्या बंदुका घेऊन आमच्यासोबत चला, जमीनदाराच्या माणसांना हाकलू. बंदुका लाकडाच्या होत्या. बोआलने पुढे स्वतः हे लिहिलं, आणि ज्या धोक्यात आपण उतरणार नाही तिथे दुसऱ्याला ढकलायचं नाही हे तिथून धरलं.

म्हणून गावात विचारायचा पहिला प्रश्न: नाटक मंडळी सकाळी गाडीत बसून निघून जाणार आहे का? ग्रेडर, कृषी केंद्राचा मालक, सावकार समोरच्या रांगेत बसलेले असतात. कोण उठला, काय बोलला, हे त्यांच्या लक्षात राहतं, आणि पुढच्या खरिपात बियाणं उधार त्यांच्याकडूनच घ्यायचं असतं.

धुऱ्यावरचा

हे मान्य करून पद्धत बदलतो. खेळ शेजारच्या तालुक्यातल्या केंद्राचा करायचा, गावाचं नाव नाही, ग्रेडरच्या बोलण्याची लकब कुणासारखी नाही. पहिली फेरी मोहल्ल्यात 30-40 माणसांत, तिकिटाच्या मंडपात नाहीच. बायांची पुतळ्यांची बैठक त्याच्या आधी, आणि त्यांनी उभं केलेलं तिसरं चित्र खेळात घ्यायचं की नाही, हे त्याच ठरवतील. मंडळींपैकी निदान दोघं त्याच गावचे असावेत, आणि खेळानंतरच्या खरेदीच्या दिवशी ते रांगेत हजर हवेत. एवढी तयारी नसेल तर वडसा लाईन म्हणतात ते बरोबर, रात्रभराचं नाटकच लावा.

तिसरी घंटा

रांगेत हजर राहणार असाल तर माझा विरोध अर्धा उरतो. उरलेला अर्धा गोदामाचा. त्या फोनवरच्या पात्राला पलीकडून कोण बोलतं, ते तालमीत लिहून काढा: केंद्र, गोदाम, गिरणी, जिल्हा, आणि दर कुठे ठरतो ते. लिहिता आलं नाही तर खेळ लावू नका.