झारीण, त्सारित्सा की सम्राज्ञी?

प्रश्न : रशियाच्या कॅथरीनवरची 'द ग्रेट' ही मालिका (२०२० ते २०२३, तीन पर्वं) सध्या बघतोय. घरात दोन तट पडलेत. एकाला ती इतिहासाची विटंबना वाटते, दुसऱ्याला धमाल. मला मात्र शब्दांनी छळलंय. जुन्या मराठी पुस्तकांत 'झारीण' वाचल्यासारखं आठवतं, वर्तमानपत्रं 'महाराणी' लिहितात, कुणी 'त्सारिना'. यातलं बरोबर काय? आणि तिच्या त्या 'फेव्हरिट' मंडळींना मराठीत काय म्हणावं? 'प्रियकर' फार गुळगुळीत वाटतं.

उत्तर : 'झारीण' नको, आणि उच्चारापेक्षा 'ईण' हे त्याचं मोठं कारण. पाटलाची पाटलीण, वाण्याची वाणीण. हा प्रत्यय आधी नवरा गृहीत धरतो. 'डॉक्टरीणबाई' म्हटलं तरी बाई स्वतः डॉक्टर आहेत की डॉक्टरांच्या घरून आल्यात हे विचारावं लागतं. कॅथरीनच्या बाबतीत सगळा खेळच तिथे आहे. १७४५ साली ती गादीच्या वारसाची, म्हणजे पुढच्या तिसऱ्या पीटरची, बायको झाली आणि १७६२ साली त्याच नवऱ्याला पदच्युत करून स्वतः गादीवर बसली. पुढे १७९६ पर्यंत, मरेपर्यंत, तिनेच राज्य केलं. तिला 'झारीण' म्हणणं म्हणजे तिने उलथवलेल्या माणसाच्याच नावाने तिला ओळखणं.

शिवाय तेव्हा मुख्य पदवी झार ही नव्हतीच. इव्हान चौथ्याने १५४७ मध्ये त्सार म्हणून राज्याभिषेक करवून घेतला खरा, पण १७२१ मध्ये पहिल्या पीटरने 'इम्पेरातोर' ही पदवी घेतली. कॅथरीन म्हणून 'इम्पेरात्रित्सा'. अधिकृत बिरुदावलीत ती त्सारित्साही आहे, पण कझान, अस्त्राखान, सायबेरिया अशा जिंकलेल्या मुलखांची. त्यामुळे 'सम्राज्ञी' चोख बसतं. 'त्सारिना' हे पश्चिमेकडच्या भाषांनी घडवलेलं रूप आहे, रशियन माणूस 'त्सारित्सा' म्हणेल.

दुसरं उत्तर : यावर थोडी हरकत. रशियनमध्ये सम्राटाची बायकोही इम्पेरात्रित्साच. म्हणजे डॉक्टरीणबाईंची अडचण तिकडेही आहे. आणि प्रश्नातल्या 'महाराणी'लाही कमी लेखू नका, ताराराणी आणि झाशीची राणी या दोघींना कुणी नुसत्या राजाच्या बायका समजत नाही. रशियनांनी वाट काढली ती 'सामोदेर्झित्सा' या जोडपदवीने : जिची सत्ता तिच्या स्वतःच्याच हातात आहे अशी. मराठीत 'एकछत्री सम्राज्ञी' म्हणता येईल.

उच्चाराचं म्हणाल तर गंमत आहे. रशियन 'त्स' आपल्या तोंडात आयता आहे, चारा, चाक, चोर यांतला च. पण 'चार' लिहिलं तर लोक आकडा वाचणार, म्हणून 'त्सार' असा द्राविडी प्राणायाम. मी स्वतः 'झार'च लिहितो. 'झारशाही' आता मराठी शब्द आहे, तो रशियाचा नकाशा न बघितलेल्या माणसालाही कळतो.

मालिकेबद्दलही बोलू द्या. शीर्षकालाच 'अधूनमधून खरी' अशी कबुली जोडलेली आहे, तेव्हा फसवणुकीचा आरोप टिकत नाही. आपल्याकडे याला 'बखरवजा' म्हणता येईल, पण बखरकार बिचारा मनापासून सांगत असतो, हे लोक डोळा मारून सांगतात. संवाद फर्मास आहेत. माझं एकच दुखणं आहे : एलिझाबेथ. मालिकेत ती कॅथरीनच्या नवऱ्याची, पीटरची, विक्षिप्त मावशी म्हणून वावरते आणि पीटर आधीपासूनच सम्राट. प्रत्यक्षात कॅथरीन १७४४ मध्ये रशियात आली तेव्हा सम्राज्ञी एलिझाबेथच होती, १७४१ पासून, आणि पीटर तिने नेमलेला वारस. तो पहिल्या पीटरचा नातू, मालिकेने त्याला मुलगा करून टाकलंय. पहिली कॅथरीन, ॲना, एलिझाबेथ, मग ही. १७२५ नंतरचं बहुतेक शतक बायकांनीच राज्य केलं. एलिझाबेथला गादीवरून उतरवलं की कॅथरीन एकटीच आभाळातून पडल्यासारखी दिसते. हे काही विनोदासाठी आवश्यक नव्हतं. (तिच्या मुलाने, पॉलने, १७९७ च्या वारसा कायद्याने बायकांची वाट जवळजवळ बंदच केली. आईवरचा राग.)

'फेव्हरिट'साठी : 'मर्जीतला'. अठराव्या शतकातल्या रशियनमध्ये 'फावोरित' होताच, पण 'स्लुचाय'मध्ये असणे असाही वाक्प्रचार होता. स्लुचाय म्हणजे प्रसंग, संधी. अशा माणसाला राजवाड्यात दालनं मिळत, जमिनी मिळत, लोक त्याच्या दारी अर्ज घेऊन उभे राहत. 'प्रियकर' शब्दात यातलं काहीच येत नाही. 'मर्जी'त सगळं येतं : मर्जी बसते, सांभाळावी लागते, खप्पा होते. तिच्या मर्जीतल्या पोत्योम्किनची गोष्ट वेगळी. जवळीक संपल्यावरही १७९१ मध्ये मरेपर्यंत त्याचं वजन टिकलं. तो मर्जीतून उठून कारभारात बसला म्हणा. कुणी 'अंगवस्त्र' सुचवण्याआधीच सांगतो, तो शब्द पुरुषाने ठेवलेल्या बाईसाठी आहे. उलटा वापरला तर हशा मिळेल, अर्थ मिळणार नाही.

दरबाराबद्दल एक भर. राजदरबाराला रशियनमध्ये 'द्वोर' म्हणतात, मूळ अर्थ अंगण. हा शब्द आणि आपलं 'द्वार' एकाच कुळातले. आपला 'दरबार' फारसीतून आला, त्यातलं 'दर'ही दारच. द्वोरवरूनच 'द्वोर्यानिन' म्हणजे उमराव. त्यामुळे त्या लोकांना 'सरदार' म्हणण्यापेक्षा 'दरबारी' जास्त जवळचं. आणि मालिकेत ग्लास फोडताना ओरडतात ते 'हुझ्झा' इंग्रजी आहे, रशियन सैनिक 'उरा' ओरडतो.

प्रश्नकर्ता : 'सम्राज्ञी' आणि 'मर्जीतला' पटले. मित्रांसाठी काही प्रसंगांची मराठी उपशीर्षकं करतोय. तिचं पूर्ण नाव एकातेरिना अलेक्सेयेव्ना. 'अलेक्सेईची लेक' असं फोडून लिहू का?

उत्तर : अजिबात नको. ती जन्माने जर्मन, मूळ नाव सोफी. १७४४ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात घेताना नाव बदललं, ते एलिझाबेथच्या आईचं ठेवलं, पितृनामासकट. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आपल्याला नवी नाही, पण इथे बापाचंही बदललं. तुम्ही 'लेक' लिहिलंत की प्रेक्षक अलेक्सेईला शोधत बसतील, आणि वडिलांचं नाव तर ख्रिश्चियन आउगुस्ट.