कुत्र्याचा पट्टा शिवला, तीन आठवड्यांत उसवला. नेमकं कुठे चुकलं?

उपद्व्यापी

आमच्या बंड्यासाठी (वजन 24 किलो, अंगात मस्ती त्याच्या दुप्पट) मी हौसेने चामड्याचा पट्टा शिवला. काल समोरून मांजर गेलं, बंड्याने हिसका दिला, आणि लीश रिंगेसकट माझ्या हातात! पट्टा अर्धवट उघडून त्याच्या गळ्यात लोंबत होता. कुत्रा सापडला, मांजरही सुखरूप. अब्रू तेवढी गेली, कारण आदल्याच दिवशी सगळ्यांना तो पट्टा कौतुकाने दाखवला होता.

चामडं जुन्या बॅगेचं, मऊ, दीड मिलिमीटर जाडीचं. दोन थर चिकटवून 25 मिलिमीटर रुंद पट्टी केली. एका सुईने धावदोरा घातला, मग उलट येत मधल्या जागा भरल्या. उसवण्याआधीच बकलाची भोकं लांबट झाली होती, पट्टा चार सेंटिमीटर ढिला पडला होता आणि बंड्याच्या पांढऱ्या मानेवर तपकिरी वळ उमटला होता. नुसतं जाड चामडं घेतलं तर भागेल का? माझ्याकडे रापी (चामडं कापायची-तासायची सुरी), पंच, टाक्यांची भोकं पाडायची चार दातांची छिन्नी आणि हातोडा आहे.

आरीदोरा

ताई, कुत्रा सापडला ना, मग बाकी सगळं दुरुस्त होतं.

बॅगेचं चामडं बहुधा क्रोमच्या क्षारांत कमावलेलं असतं. लवचीक, मऊ, हाताला छान. पण ओढलं की ताणतं, आणि दोन थर चिकटवले तरी दोन्ही ताणतात. पट्ट्याला व्हेज-टॅन घ्या, म्हणजे झाडाच्या साली-पानांतल्या टॅनिनने कमावलेलं. तुमच्या 25 मिलिमीटर पट्टीला एकच थर, 3 ते 3.5 मिलिमीटर जाडीचा. तोही जनावराच्या पाठीच्या भागातला, कण्याला समांतर कापलेला. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, पण ते सैल असतं. घेण्याआधी पट्टी दोन्ही हातांनी ताणून बघा. रबरासारखी लांबली तर खुशाल परत ठेवा.

आता माझा हेका. नवीन माणूस नक्षी, रंग, कडांची चकाकी यांतच महिना घालवतो. पट्टा तुटतो तो बकलाजवळच्या आठ-नऊ सेंटिमीटरमध्ये, जिथे चामडं दुमडून परत पट्टीवर शिवलेलं असतं. बकल त्या घडीत, पट्ट्याचं टोक अडकवायची चामड्याची कडी तिथेच, लीश अडकवायची डी-रिंगही (इंग्रजी D च्या आकाराची कडी) तिथेच. हिसका बसतो तो सगळा इथे. उरलेली पट्टी गळ्याभोवती आरामात बसलेली असते, तिला काय धाड भरली आहे!

तेव्हा घडी नीट करा. दुमडून आत जाणारं टोक रापीने तासून निमुळतं करा, म्हणजे आतून पायरी लागणार नाही. पण जिथे चामडं बकलाच्या दांडीवरून वळतं तिथे तासण्याचा मोह आवरा. वळण सुबक दिसावं म्हणून मी एकदा ते कागदासारखं केलं होतं, आणि माझाही पट्टा तुमच्यासारखाच सुटला. वळणाची जागा नुसती ओली करा, दुमडा, चिमटे लावून रात्रभर वाळू द्या. बकलाच्या जिभेसाठी फट हवी: दोन गोल भोकं सुमारे 20 मिलिमीटर अंतरावर पाडा आणि मधलं चामडं कापून काढा. नुसती सरळ चीर दिली तर ती टोकापासून फाटत जाते, गोल भोकापाशी फाटणं अडतं.

शिवण एका दोऱ्याला दोन सुया लावून. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया, समोरासमोरून. एक धागा कुत्र्याने घासून तोडला तरी दुसरा टाके धरून ठेवतो. दोरा मेणवलेला, शिवणीच्या चौपट लांब. दुसरी सुई घालताना आधीचा दोरा मागे ओढून धरा, नाहीतर सुई त्यालाच भोसकते आणि टाका आवळत नाही. कुठली सुई आधी, हे एकदा ठरवलं की मोडू नका. टाके एका कलात पडतात ते यामुळेच. शेवटी दोन-तीन टाके उलटे घ्या.

मानेवरचा वळ म्हणजे वरवर राहिलेला जादा रंग. रंग दिल्यावर एक दिवस वाळू द्या, मग पांढऱ्या फडक्याने घासत राहा. फडकं कोरं निघालं की मगच मेण किंवा फिनिश. खरं तर रंगच देऊ नका. व्हेज-टॅन उन्हात आणि हाताळून आपोआप मधाच्या रंगाचं होतं.

लोखंडी_चणे

एवढं दोन सुयांचं शिवणकाम कशाला? घडीवर चार रिव्हेट ठोकले की झालं. माझे पट्टे असेच चालतात.

आरीदोरा

भरीव तांब्याचे, वॉशर घालून ठोकलेले असतील तर चालतील, नाही म्हणत नाही. पण हौशी माणसं बहुतेक वेळा दोन टोप्यांचे पोकळ रिव्हेट वापरतात. ते पर्सवर शोभतात, 24 किलोच्या कुत्र्याला नकोत. शिवाय प्रत्येक रिव्हेट म्हणजे 25 मिलिमीटर पट्टीत आणखी एक मोठं भोक.

शेपूटपुराण

दोन गोष्टी माझ्याकडून. माप गळ्याचं घेऊ नका, केसांत टेप बुडते. सध्याचा नीट बसणारा पट्टा पसरा आणि बकलाच्या दांडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा. ते तुमचं मधलं भोक, त्याच्या दोन्ही बाजूंना 2.5 सेंटिमीटरवर दोन-दोन. माप 40 आलं तर पुढच्या दोन भोकांचे 5, टोकाचे 8 आणि घडीचे 9 धरून पट्टी 62 सेंटिमीटर कापा. कापायची घाई करू नका, लांब पट्टी कमी करता येते.

दुसरं, बकल आणि रिंग पितळेची आहे का ते तपासा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, मुलामा उडाला की गंजेल आणि भिजलेल्या व्हेज-टॅनवर काळे डाग पडतील. चुंबक न चिकटणंही पुरेसं नाही, जस्ताच्या ओतीव बकलालाही ते चिकटत नाही. आतल्या बाजूला कानशीने जरा घासा. खाली पिवळंच दिसलं तर पितळ, करडं निघालं तर मुलामा.

आणि दात यायच्या वयातल्या पिल्लाला चामड्याचा पट्टा घालू नका. मी बहिणीच्या पिल्लाला दिला होता. त्याने खाल्ला.

उपद्व्यापी

काका, नवीन चामडं आलं, कडक आहे! पण लगेच पट्ट्याला हात घालायची भीती वाटते.

आरीदोरा

मग आधी तुकड्याचं कीचेन करा. तीच रुंदी, तीच घडी, आत डी-रिंग, तेच दोन सुयांचे टाके. झालं की त्याला पाण्याने भरलेली बादली टांगा आणि दोन-चार हिसके द्या. आतल्या कडाही गोल करायला विसरू नका. थोडं पाणी लावून जाड कापडाने घासल्या तरी पुरे, बंड्याच्या मानेला धार लागत नाही.

उपद्व्यापी

बादली टांगली. दहा लिटर. तिसऱ्या हिसक्याला धाडकन खाली. घरभर पाणी, बंड्या पलंगाखाली. पण शिवण शाबूत! डी-रिंगचा सांधा उघडला, नखाएवढी फट पडली आहे. ती जोडलेली नव्हती, नुसती वाकवलेली तार होती हे आत्ता कळतंय.

आरीदोरा

बरं झालं, बादलीवर निभावलं. सांधा वितळवून जोडलेली रिंग आणा. ती फटीतून आत जाणार नाही, म्हणजे रिंगेपाशी शिवण उसवावीच लागेल. पुन्हा शिवताना जुनीच भोकं वापरा. शेजारी नवी पाडलीत तर तिकिटाच्या कडेसारखी ओळ होईल आणि चामडं तिथेच फाटेल.