काडेचिराईत म्हणून घेतलेले दोन नमुने वेगळे वागत आहेत, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी काडेचिराईत, म्हणजे स्वर्शिया चिरायिता, निवडलं आहे. ही वनस्पती हिमालयात साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर होते, त्यामुळे काष्ठौषधींच्या दोन दुकानांतून वाळलेला माल आणला. पहिल्या नमुन्याच्या काड्या तपकिरी-जांभळट, बुंध्याकडे गोल आणि आत जाड भेंड असलेल्या आहेत. दुसऱ्याच्या हिरवट, खालपासून वरपर्यंत चौकोनी. कडू दोन्ही जहर, त्यामुळे चवीवरून काही ठरत नाही.

दोन्हींचे मिथेनॉलमध्ये अर्क काढले. फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने एकूण फिनॉल जवळपास सारखेच आले. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट ताकद तपासायचं जांभळं रसायन) चाचणीत मात्र पहिल्या अर्काने जांभळा रंग झरझर पिवळा होतो, दुसऱ्याचा अर्ध्या तासानंतरही बराचसा टिकतो. दुसरा अर्क गडद हिरवा आहे, त्याचाही परिणाम होत असेल का?

मला वाटतं दुसरा नमुना कालमेघ, म्हणजे आपलं पालेकिराईत असावं. खात्रीसाठी काडेचिराईतातल्या मँजिफेरीन या घटकाचा शुद्ध संदर्भ नमुना (स्टँडर्ड) विकत घेणं आमच्या विभागाला परवडत नाही. आंब्याच्या पानातही मँजिफेरीन असतं, तर टीएलसीच्या (अर्कातले घटक पातळ थरावर वेगळे करण्याच्या) पट्टीवर तो अर्क शेजारी चालवला तर चालेल का? पुढचं सगळं काम यावर अडलं आहे, कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद:

काड्यांच्या वर्णनावरून तुमची शंका रास्त वाटते. कालमेघातलं मुख्य कडू द्रव्य अँड्रोग्राफोलाइड. ते डायटर्पीन लॅक्टोन आहे, त्यात फिनॉलचा गटच नाही, म्हणून डीपीपीएचला हायड्रोजन देण्यात ते कमी पडतं. काडेचिराईतात मँजिफेरीन, स्वर्चिरीन असे झँथोन (फिनॉल गट असलेली द्रव्यं) असतात. मँजिफेरीनच्या एका वलयावर दोन हायड्रॉक्सिल शेजारी-शेजारी आहेत, त्याची ताकद तिथे आहे. कडूपणा मात्र अमॅरोजेन्टिन, स्वर्टियामॅरिन यांचा, त्यामुळे कडू जास्त म्हणून अँटिऑक्सिडंट जास्त, असं धरू नका.

फोलिनचा आकडा सारखा आला यावर फार विसंबू नका. ते अभिकर्मक क जीवनसत्त्व आणि काही शर्करांनाही प्रतिसाद देतं. हिरव्या रंगासाठी प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएच न घालता, नुसत्या मिथेनॉलमधल्या अर्काचं ५१७ नॅनोमीटरवर वाचन घ्या आणि ते वजा करा. हे केल्याशिवाय दोन्ही नमुन्यांची आयसी५० (निम्मं डीपीपीएच संपवायला लागणारी तीव्रता) शेजारी मांडू नका.

आंब्याच्या पानाचा अर्क जरूर चालवा. फक्त त्यात इतरही फिनॉल असतात, म्हणून पट्टा त्याच उंचीवर आला तर तो दुजोरा समजा, पुरावा नव्हे, आणि परिमाण त्यावरून काढू नका. फेरिक क्लोराइड फवारून दोन्हींचे रंग ताडून पाहा.

सगळ्यात आधी दोन्ही नमुन्यांच्या अख्ख्या काड्या बाजूला काढून ठेवा, सगळा माल दळू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत औषधी नमुन्यांची ओळख पटवून देतात, तिथे विचारा. ते प्रमाणपत्र प्रबंधालाही लागेल.