जोशी हे घराणं नव्हे, जोशी हे काम होतं

अनुक्रमणिका

परवा या संकेतस्थळावर 'जोशी घराण्याची देणगी' असा लेख आला. सोळा छायाचित्रं एका ओळीत, खाली नावं, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर ही 'एकाच रक्ताची प्रतिभा'. खाली नुसती वाहवा. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

त्या ओळीत भीमसेन जोशी आहेत. जन्म १९२२, रोणचा, घरची भाषा कन्नड. शेजारी गुजराती कवी उमाशंकर जोशी. त्यांच्या पलीकडे कम्युनिस्ट पक्षाचे पूरनचंद जोशी, अल्मोड्याचे. या तिघांना एका रक्तात कोण आणि कसं बसवणार? ज्योतिषी, त्याचं जोइसी, त्याचं जोशी. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं, लग्न लावणं हे जिथे जिथे कुणी करत होतं, तिथे तिथे हे आडनाव आपापलं उगवलं. कोकणात, देशावर, कर्नाटकात, गुजरातेत, कुमाऊँत. गावगाड्यात जोशीपण हे वतन होतं. ज्याच्याकडे वतन, तो जोशी. चित्पावनांच्या चौदा गोत्रांपैकी कितीतरी गोत्रांत जोशी सापडतात, मग एका जातीतसुद्धा हे घराणं एक ठरत नाही.

आणि जात तरी एक कुठे आहे? कुडमुडे जोशी, मेढंगी जोशी, सहदेव जोशी हे भटक्या जमातींच्या यादीत आहेत. भविष्य सांगणं हेच त्यांचंही काम. तुमच्या सोळांत त्यांतलं एक नाव नाही, आणि रक्ताच्या गोष्टी चालल्यात.

सह्यकडा

मूळ लेख माझा. 'रक्त' हा शब्द जरा जास्त झाला असेल, पण भावना समजून घ्या. शाळकरी पोर आपलं आडनाव त्या यादीत बघतं आणि त्यातल्या एखाद्याबद्दल वाचायला लागतं. हे काम कोशातली नोंद करत नाही. शिवाय आडनावावरून घराणं दिसतच नाही, हेही खोटं आहे. कर्व्यांकडे बघा. धोंडो केशव, र. धों., इरावतीबाई. एकाच घरातली तीन माणसं आणि तिघांनी तीन क्षेत्रं हलवली.

चिंचेचं पान

इरावतीबाई कर्वे जन्मानं करमरकर. अण्णासाहेबांच्या, म्हणजे धोंडो केशवांच्या, सूनबाई, दिनकररावांच्या पत्नी. म्हणजे रक्ताच्या पुराव्यासाठी तुम्ही जी तीन नावं दिलीत, त्यातलं एक रक्ताचं नाहीच. आडनाव लग्नानं आलं, बुद्धी करमरकरांकडची होती असं उद्या कुणी म्हणालं तर काय उत्तर देणार?

आडनावाच्या प्रत्येक यादीत हेच होतं. बाई जिथे जन्मली त्या यादीतून गळते आणि जिथे नांदली तिथे घराण्याची शोभा म्हणून लागते. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या गोखले. गोखल्यांच्या यादीत त्यांना कुणी घेत नाही. टिळकांच्या यादीत घेतात आणि वर लोकमान्यांच्या फोटोखाली बसवतात. त्यांचे यजमान रेव्हरंड नारायण वामन टिळक, हे खाली लिहायचे कष्टसुद्धा नाहीत.

मालतीबाई बेडेकरांचं तर विचारूच नका. जन्मनाव बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर, लेखनासाठी विभावरी शिरूरकर. खरे, बेडेकर, शिरूरकर अशा तीन याद्या केल्यात तर बाई तिन्हीकडे अर्धवट सापडेल किंवा कुठेच सापडणार नाही. सोळा जोश्यांत स्त्री एकच, आनंदीबाई, यात म्हणूनच मला नवल वाटलं नाही.

मोडीप्रेमी

आनंदीबाईंचा विषय काढलात म्हणून लिहितो. 'एक रक्त' या म्हणण्याला सगळ्यात मोठा धक्का त्यांचाच आहे. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी, पती गोपाळराव जोशी. माहेर जोशी, सासर जोशी. त्या काळी सगोत्र लग्न कुणी लावलंच नसतं. म्हणजे १८७४ साली ती दोन घरं आपापसांत 'आपण वेगळे जोशी' हे पक्कं धरून होती. त्यांना जे स्वच्छ दिसत होतं ते आपण आज फोटो ओळीत लावून पुसतोय.

सह्यकडा

ठीक. आनंदीबाईंचा मुद्दा मान्य. 'रक्त' काढून टाकतो. पण यादी काढणार नाही. कोशवाल्यांना सामान्य वाचकाचा आनंद बघवत नाही, हे मी आधीही पाहिलंय.

अनुक्रमणिका

आनंदाला कुणाची हरकत आहे? हरकत आहे ती चुकीच्या माणसाला दुसऱ्याचं श्रेय देण्याला. तुमच्या यादीत चौथ्या फोटोखाली लिहिलंय, 'ग. व. जोशी, सार्वजनिक सभेचे संस्थापक, अर्थतज्ज्ञ, सभेच्या त्रैमासिकातल्या गाजलेल्या लेखांचे लेखक'. हा एक माणूस नाही, हे दोन आहेत.

गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका. जन्म १८२८. वकील. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा उभी करणारे, वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घेणारे. मृत्यू १८८०.

गणेश व्यंकटेश जोशी म्हणजे रावबहादूर जोशी. जन्म १८५१, मृत्यू १९११. पेशानं शिक्षक, लिखाण अर्थकारणावर, आणि तेही बरंचसं सभेच्याच त्रैमासिकात. त्यांच्या लेखांचा नि भाषणांचा संग्रह १९१२ साली इंग्रजीत निघाला.

नाव गणेश, आडनाव जोशी, संस्था तीच, इंग्रजीत दोघेही 'जी. व्ही. जोशी'. गफलत होणारच. पण ती पकडायला साधी युक्ती आहे. लेखाचं साल आणि माणसाचं मृत्युसाल शेजारी शेजारी ठेवायचं. त्रैमासिक निघालं १८७८ मध्ये. काका गेले १८८० मध्ये. १८८० नंतरचा लेख काकांच्या नावावर दिसला की थांबायचं.

पोथीवाला

या प्रकरणाचं मूळ इंग्रजी आद्याक्षरांत आहे. देवनागरीत ग. वा. आणि ग. व्यं. असे दोघे पहिल्या नजरेत वेगळे दिसतात. रोमनमध्ये वा, वि, वें, व्यं या सगळ्यांचं एकच अक्षर होतं. मग कुणीतरी इंग्रजी पुस्तकातून परत मराठीत आणतं आणि बिनधास्त 'ग. व.' लिहितं. मधली मात्रा येताना गळून पडते ती कायमची. माझा तर ठाम आग्रह आहे की मराठी माणसाचं नाव मराठीत लिहिताना मराठीच आद्याक्षरं हवीत. 'जी. व्ही.' वगैरे बंद करा.

शाईदौत

इतकं सोपं नाही ते. एस. एम. जोशींना 'श्री. म. जोशी' लिहा बरं. श्रीधर महादेव हे नाव खरं, पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या लोकांच्या तोंडी 'एसेम' होतं. 'श्री. म.' शोधणाऱ्याला काही मिळणार नाही. नाव कसं लिहायचं हे लोकांनी ठरवलेलं असतं, तुमच्या आग्रहानं नाही.

उलट उदाहरणही आहे. तुमच्या विंडोजबरोबर आलेला मंगल हा देवनागरी टंक (फाँट) ज्यांनी घडवला ते रघुनाथ कृष्ण जोशी. मराठी कवितेच्या वाचकांना ते र. कृ. जोशी. जाहिरात आणि टंकरचनेच्या जगात आर. के. जोशी. एकच माणूस, आणि नोंद दोनदा.

पोथीवाला

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की! दोन लिप्यांची आद्याक्षरं चालू ठेवली म्हणून एकाचे दोन झाले.

शाईदौत

नाही झालं. मराठी आद्याक्षरंसुद्धा पुरत नाहीत. 'वा. जोशी' एवढंच लिहिलेलं कितीतरी जागी सापडतं. हे वामन मल्हार की वामन गोपाळ? पहिले कादंबरीकार, जन्म १८८२. दुसरे नाटककार, अमरावतीचे, वीर वामनराव, जन्म १८८१. वयात जेमतेम वर्षाचा फरक, दोघेही लेखक, दोघांच्या नावात वामन. देवनागरी असूनही गोंधळ. तुमची शुद्ध मराठी आद्याक्षरं इथे काय कामाची?

पोथीवाला

'वा. जोशी' ही अर्धीच आद्याक्षरं आहेत. वा. म. आणि वा. गो. लिहा, प्रश्न मिटला. आळशीपणाचा दोष पद्धतीच्या माथी मारू नका. आणि जरा आवाज खाली.

शाईदौत

आवाज तुम्ही चढवलात, 'बंद करा' म्हणून हुकूम सोडलात. बरं, वडलांचं अक्षर जोडल्यावर वामनांचा प्रश्न सुटतो, एवढं मानतो. शरद जोश्यांचा सांगा. शेतकरी संघटनेचे शरद जोशी १९३५ ते २०१५, आणि हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी, उज्जैनचे, १९३१ ते १९९१. दुसऱ्यांच्या नावाबरोबर वडलांचं नाव वापरात कधी नव्हतंच. तिथे तुमचं आद्याक्षर आणणार कुठून? तिथे फक्त सालं आणि क्षेत्र कामाला येतं.

मोडीप्रेमी

आद्याक्षरांवर इतके प्रतिसाद झालेच आहेत तर एक भर. वडलांचं नावही स्थिर नसतं. दत्तक गेला की बदलतं. कुसुमाग्रज जन्मानं गजानन रंगनाथ, दत्तकविधानानंतर विष्णु वामन शिरवाडकर. आडनाव तेच राहिलं, स्वतःचं आणि वडलांचं नाव बदललं. लहानपणच्या एखाद्या कागदावर 'ग. रं. शिरवाडकर' दिसलं तर आद्याक्षरवाल्यांच्या हिशेबात तो परका माणूस ठरेल.

आणि उलट चूक विसरू नका. दोघांचा एक होतो तसे एकाचे दोनही होतात. चिं. वि. जोशी, १८९२ ते १९६३. विनोदी लेखनाच्या यादीत चिमणरावांचे जनक, पाली भाषेच्या अभ्यासकांच्या यादीत बडोद्याचे प्राध्यापक. दोन्ही कामं इतकी लांबची की वाचणाऱ्याला हे दोन चिंतामण वाटावेत. नाव, मधलं नाव आणि सालं जुळली तर क्षेत्र वेगळं आहे एवढ्यावरून माणूस तोडायचा नाही.

चिंचेचं पान

बायकांच्या आडनावाचा प्रश्न मी मांडला, त्यावर एक ओळ उत्तर नाही. पुरुषांच्या आद्याक्षरावर मात्र हमरीतुमरी. ही नोंद घेते आणि पुढे सांगते की उपाय आहे. मुख्य नोंद ज्या नावानं काम प्रसिद्ध झालं त्या नावाखाली. बाकी प्रत्येक नावाखाली फक्त 'पाहा'. 'खरे, बाळूताई : पाहा बेडेकर, मालती'. 'करमरकर, इरावती : पाहा कर्वे, इरावती'. एवढ्यानं माहेरच्या यादीत बाई परत दिसते. कागद दोन ओळींचा लागतो.

अनुक्रमणिका

तुमचा मुद्दा राहून गेला ही चूक माझीही आहे. 'पाहा' नोंद हाच उपाय, आणि र. कृ. आणि आर. के. साठीही तोच. पोथीवाले नि शाईदौत, तुमच्या दोघांच्या भांडणाचं उत्तरही तिथेच आहे. मुख्य नोंदीत रूढ नाव ठेवा, दुसऱ्या रूपाला 'पाहा' द्या. कुणाला काही बंद करायची गरज नाही.

सह्यकडा, यादी ठेवायचीच असेल तर विश्वकोशाची मांडणी घ्या. आधी आडनाव, स्वल्पविराम, स्वतःचं नाव, वडलांचं नाव, मग कंसात जन्म-मृत्यू, मग एका ओळीत काम आणि ठिकाण. आद्याक्षरांवर नोंद उघडायचीच नाही, पूर्ण नाव सापडेपर्यंत ती बाजूला ठेवायची. नातं लिहायचं असेल तर दोघांमधली पिढी नावानिशी दाखवता आली पाहिजे. बाप कोण, आजा कोण. ते नसेल तर नात्याचा उल्लेखच नको. फोटो शेवटी, तोही सालं जुळल्यावर, कारण शरद जोश्यांचे फोटो नावावरून शोधलेत तर दोघे एकत्रच समोर येतात.

पोथीवाला

'पाहा' चालेल. पण मुख्य नोंदीत देवनागरी पूर्ण नाव हवंच, यावरून मी हलणार नाही.

शाईदौत

पूर्ण नावाला मी कधी नाही म्हटलं होतं? हरकत आद्याक्षरांच्या सक्तीला होती.

सह्यकडा

चौथी नोंद फोडली. मथळ्यातलं 'घराणं' काढलं, आता नुसतं 'जोशी आडनावाची माणसं'. भटक्या जोशी जमातींवर वेगळा परिच्छेद लिहितोय, त्याला वेळ लागेल. फोटो ठेवलेत, ते माझ्या मते हवेतच. ही दुरुस्ती बघा:

जोशी, गणेश व्यंकटेश (१८५१–१९११) : रावबहादूर. अर्थविषयक लेखक, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेखन.

जोशी, गणेश वासुदेव (१८२८–१८८०) : सार्वजनिक काका. वकील, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक.

अनुक्रमणिका

नोंदी बरोबर, क्रम उलटा. मराठी कोशाच्या क्रमात 'वा' आधी, जोडाक्षर 'व्य' सगळ्या मात्रांच्या नंतर. कुणी 'वेंकटेश' लिहिलंत तरी वासुदेव आधीच. आणि वेंकटेश खाली 'पाहा व्यंकटेश' टाका. दोन्ही रूपं छापलेली सापडतात.